बांधावरची पंगत

सबनीस बाई वर्गात आल्या की आधी व्हरांड्याकडचं दार लोटून घ्यायच्या. ठाण्याच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलायला बंदी होती. आम्ही मुली पकडल्या गेलो तर गळ्यात पुठ्ठ्याची पाटी पडे. बाईंच्या गळ्यात पाटी कोण घालणार, पण मदर दारावरून जाताना थांबत, आणि बाईंना ते थांबणं आवडत नसे. दार लोटलं की त्या टेबलावर रुमालाची गाठ सोडत. आत मातीचं ओलसर ढेकूळ. इंग्रजी पुस्तक बाजूला सरकवून बाई म्हणत, "चला, पंगत बसलीय. कोण कोण जेवतंय बघू."

उंच, हाडकुळ्या, पांढऱ्या सुती पातळातल्या बाई. पातळाच्या खालच्या काठाला वाळलेल्या चिखलाची आणखी एक कड कायम असायची. मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. एका नव्या शिक्षिकेने एकदा धीर करून कारण विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मला बघायला आलेल्या मंडळींना मी काय दाखवलं ते विचारा." त्यांनी काचेच्या बरणीतली गोम दाखवली होती.

मला चित्रं काढता येत आणि मी फारशी बोलत नसे. या दोन गुणांवर बाईंनी मला निवडलं. रविवारी मी डोंबिवलीहून कल्याणला त्यांच्या घरी जायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते पेन्सिलीने कागदावर उतरवायची. सूक्ष्मदर्शक पितळी होता, त्यांच्या डॉक्टर वडिलांचा. शेजारी खिळ्याला टांगलेलं पत्र्याचं मोठं नरसाळं. नरसाळ्यात जाळी, जाळीवर शेतातल्या मातीचं ढेकूळ, त्याच्यावर विजेचा दिवा आणि खाली स्पिरिटची बाटली. दिव्याने माती वरून वाळत जाते, तसे आतले जीव ओल शोधत खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. दोन-तीन दिवसांनी बाटलीच्या तळाशी पांढुरका गाळ दिसे. भिंगाखाली धरला की त्या गाळाला पाय फुटत.

त्यातल्या पुष्कळांची इंग्रजी नावं मला पाठ होती. बाईंनी मात्र आपली नावं ठेवली होती. शेपटीवर उसळी मारणारे पांढरे बारीक किडे म्हणजे उडाणटप्पू. ते बुरशीचे धागे खात. त्यांना खाणारे आठ पायांचे गोल जीव म्हणजे फौजदार. गांडूळ म्हणजे गुरव, कारण नैवेद्य कुणाचाही असो, शेवटी जातो त्याच्याच पोटात. मला हसू येई, पण बाई हसत नसत. मला आडनावाने हाक मारून त्या म्हणायच्या, "मातीत मालक कुणी नसतो, प्रधान. सगळे एकमेकांच्या उष्ट्यावर जगतात. भाताचं रोप पंगतीत सगळ्यांत शेवटी बसतं. आधीच्यांची जेवणं उरकल्याशिवाय त्याच्या पानात काही पडत नाही."

हे सगळं त्या वर्गात सांगत आणि शेतातही सांगत. शेत धर्माभाऊंचं. ठाकुर्ली स्टेशनावरून मागच्या अंगाने बरंच चालत गेलं की त्यांचं गाव लागे. धर्माभाऊ आगरी. बाईंच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्या घरचं दूध सबनीसांकडे येत असे, आणि त्या ओळखीवर बाई त्यांच्या बांधावर हव्या तेव्हा खुरपं घेऊन बसत. धर्माभाऊंची बायको हिराबाई त्यांना पाहून सुनेला हाक मारी, "यमुने, चा टाक. माती खानारी बाय आली."

बाई खरंच माती खात. चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकत आणि खार चढलाय की नाही ते सांगत.

मी नववीत होते त्या वर्षी राबाचं भांडण झालं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत अंथरून उन्हाळ्यात पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या राखेत बी टाकलं की रोप जोमाने येतं. बाईंनी भाजलेल्या जागेतलं ढेकूळ नरसाळ्यात लावलं आणि बाटलीत काही पडलं नाही. त्या तशाच उठून धर्माभाऊंकडे गेल्या.

"धर्माभाऊ, तुम्ही बसलेल्या पंगतीला आग लावता."

"आग लावल्याबिगर शिजल काय, बाई?" धर्माभाऊ म्हणाले. "आमचा बा भाजत व्हता, त्याचा बा भाजत व्हता."

"म्हणून तुम्हीही भाजणार?"

"मंग काय करू? तुमची पंगत वाढू?"

बाई हट्टाला पेटल्या. दोन रविवार त्यांनी धर्माभाऊंच्या ओट्यावर बसून काढले. शेवटी अर्धा राब भाजायचा आणि अर्ध्यात कुजलेला पाला घालून तसाच पेरायचा, असं ठरलं. धर्माभाऊ कबूल झाले ते पटलं म्हणून नाही. वडिलांच्या वेळची बाई घरी येऊन इतकं सांगते, तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून.

न भाजलेल्या अर्ध्यात तण माजलं. रोप वर आलं ते पिवळं आणि केसासारखं बारीक. लावणीच्या वेळी धर्माभाऊंना हिराबाईच्या भावाच्या गावाहून रोपाच्या मुठी मागून आणाव्या लागल्या. लावणी मागे पडली आणि त्या साली कणगी भरली नाही. यमुना तेव्हा नवी नवरी होती, पण जीभ तिखट. चहा पुढे करत ती म्हणाली, "घ्या बाई. तुमचं किरं जगलं, आमचा रोप मेला."

"यमुने!" हिराबाई ओरडली.

"खोटा बोलले का मी?"

बाईंनी चहा घेतला नाही. पुढे त्यांनी आपली चूक स्वतःच शोधून काढली. त्या पावसाळ्याच्या शेवटी भाजलेल्या जागेतली माती पुन्हा नरसाळ्यात लावली, तर बाटली भरली. भाजतात तो शेताचा एक कोपरा. बाकीचं शेत आणि सगळे बांध जिवंतच असतात. तिथून सरपटत, उड्या मारत सगळे पुन्हा येतात आणि राखेतली जागा धरतात. "हे मी आधी बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडाने त्यांचं एक वर्ष खाल्लं."

त्यानंतर त्यांची एक नवी म्हण झाली. एकदा दिसलं ते दिसलं नाही, दुसऱ्यांदा दिसू दे. मी एखाद्या किड्याचे पाय मोजून सांगितले की त्या ही म्हण म्हणत आणि मला पुन्हा बघायला लावत. वर्गात त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होता. शेतावर मात्र त्या आता कमी बोलत. धर्माभाऊ कधी काही विचारत, तेव्हा "बघून सांगते" एवढंच उत्तर मिळे. धर्माभाऊंना ते रुचत नसे. ते मला म्हणाले होते, "तुझी मास्तरीन भांडायची ती बरी व्हती. आता पाव्हन्यासारकी बसते."

पावडर आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. कल्याणच्या एका दुकानदाराने भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरवली. शेतातले खेकडे, तिकडे त्यांना मुठे म्हणतात, बांधाला बिळं पाडतात आणि खाचरातलं पाणी रात्रीत वाहून जातं. त्या पाण्यापायी भावाभावांत डोकी फुटलेली मी ऐकली आहेत. गाडीवरचा माणूस सांगत होता, बिळात आणि बांधावर पावडर मारा, मुठे संपतील, खोडातली अळीही संपेल. पावडर पांढरी, पिठासारखी, तिला कुबट वास होता. पुष्कळांनी घेतली.

धर्माभाऊ दूध घालायला आले तेव्हा त्यांनी बाईंना विचारलं. मी तिथेच चित्र काढत होते.

"बाई, घेऊ का पावडर?"

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही, धर्माभाऊ. बघून सांगते."

"तुमी बगून सांगाल तवर पानी जाल वाहून." ते हसले आणि दुधाची कासंडी उचलून निघून गेले.

पुढच्या रविवारी आम्ही शेतावर गेलो. पाऊस उघडला होता. बांधावर पीठ सांडल्यासारखे पट्टे होते आणि त्या पट्ट्यांवर गांडुळं वर येऊन पडली होती, फिकट आणि गाठी मारल्यासारखी. एरवी इतक्या वेळात दोन-चार बेडूक पायाखालून उडायचे. त्या दिवशी एकही उडाला नाही. मुठे मात्र भर दिवसा बिळाबाहेर हिंडत होते. तिरपे चालायचे सोडून गोल गोल फिरत होते, उलटे पडत होते. हिराबाई टोपली घेऊन ते नुसते उचलत होती.

"बगा बाई," ती आनंदाने म्हणाली. "रातचा बत्ती घेऊन फिरावा लागायचा. आता आपल्या पायांनी घरी येतान."

घराच्या ओट्यावर यमुना बसली होती. ती बाळंत होऊन महिना झाला असेल; नवरा मुंबईला गिरणीत कामाला होता. मांडीवर मूल, डोक्याला फडकं. मला पाहून तिने थट्टा सुरू केली. "काय गं विंग्रजवाली, मुठ्याला विंग्रजीत काय म्हनतान?"

"क्रॅब," मी म्हटलं.

"असल्या नावाचा मी नाय खायची बाबा."

"तुझ्यासाठीच तर आनलेत," हिराबाई टोपली खाली ठेवत म्हणाली. "अंगावर दूध नको उतराया?"

त्या घरातली रीत मला ठाऊक होती, कारण मी तिथे जेवले होते. मुठ्यांचं कालवण झालं की डेंगे, म्हणजे पुढच्या मोठ्या नांग्या, पुरुषांना आणि पाहुण्यांना. बारीक पाय बाकीच्यांना. आणि पेंद्याच्या, म्हणजे मधल्या धडाच्या, आतला पिवळा दाट गर असतो, तो सगळाच्या सगळा एका वाटीत काढून घरातल्या बाळंतिणीला द्यायचा. त्याने ताकद येते. दुसऱ्या कुणी त्या वाटीला बोट लावायचं नाही.

बाई टोपलीजवळ उभ्या होत्या. त्या वाकल्या, एक मुठा उचलून उलटा केला, त्याच्या पोटाला चिकटलेली पावडर बोटाने पुसली आणि बोट नाकाशी नेलं. मला वाटलं आता बोलतील. हिराबाईही थांबून बघत होती, कारण बाईंचं तोंड उघडलं होतं.

"नीट धुऊन घ्या हं," बाई म्हणाल्या.

"धुतल्याबिगर खातो का आमी?" हिराबाई म्हणाली.

आम्ही ढेकळं घेऊन परतलो.  घरी आल्याबरोबर बाईंनी नरसाळं लावलं. पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. मंगळवारी बाटली पाहिली तर स्पिरिट नितळ होतं. तळाशी काही नाही. त्यांनी स्वतःला सांगितलं, दिवा जास्त तापला असेल, खाली यायच्या आधीच आतले मेले असतील. एकदा दिसलं ते दिसलं नाही. त्यांनी दुसरं ढेकूळ लावलं आणि दिवा थोडा वर घेतला. बुधवारची शाळा केली. गुरुवारी सकाळी बाटली पुन्हा नितळ होती. त्या शेतावर जायला निघाल्या आणि दारातच त्यांच्या लक्षात आलं की आज दूध आलेलं नाही.

त्या पोचल्या तेव्हा यमुनेला झटके येत होते. गावात बाधा झाली म्हणत होते. भगत येऊन गेला होता. बाईंनी कल्याणहून डॉक्टर आणवला. तो आला तोवर ती गेली होती. डॉक्टर म्हणाला, विषासारखं दिसतंय, पण नक्की सांगता येत नाही. हिराबाईला उलट्या होत होत्या आणि धर्माभाऊंचे हात थरथरत होते, ते दोघं आठवड्याने सावरले. रविवारपासून घरात रोज मुठ्यांचं कालवण होत होतं; त्यांनी डेंगे खाल्ले होते. मूल वाचलं. यमुनेच्या अंगावरचं दूध पहिल्याच दिवशी आटलं म्हणून वाचलं, असं हिराबाई म्हणे.

तेराव्यानंतर बाईंबरोबर मी गेले. धर्माभाऊ ओट्यावर मुलाला घेऊन बसले होते. बाई ओट्याखाली उभ्या राहिल्या, वर बसल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. पावडर किड्यांत गेली, किडे खाऊन मुठ्यांत गेली, बिळातूनही गेली. धुऊन ती जात नाही. ती चरबीत साठते, आणि मुठ्याची चरबी म्हणजे तो पिवळा गर. त्या वर्गात बोलत तशाच स्पष्ट बोलत होत्या. हिराबाई दारात येऊन ऐकत होती. गराचं नाव निघालं तशी ती आत गेली. 

"तुमाला त्या दिशी ठावं व्हतं?" धर्माभाऊंनी विचारलं.

"संशय होता."

"मंग का नाय बोल्लाव?"

बाई म्हणाल्या, "राबाच्या वेळी बोलले होते, धर्माभाऊ. तुमचं रोप गेलं."

धर्माभाऊ मुलाच्या अंगावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "रोप गेला व्हता, बाई. रोप मागून आनता येतो."

परत येताना बाई वाटेत एका धोंड्यावर बसल्या. पायातल्या वहाणा काढल्या आणि पुन्हा घातल्या. मी शेजारी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तू घरी जा, उशीर होईल." मी गेले नाही. 

त्यानंतरच्या बाईंना ओळखणं अवघड होतं. सुटीच्या दिवशी त्या पार शीळफाट्याकडच्या गावांपर्यंत जायच्या. पिशवीत दोन बाटल्या असत. एकीच्या तळाशी गाळ, दुसरी नितळ. देवळाच्या पायरीवर त्या बाटल्या ठेवून सांगत, ही आधीची पंगत, ही पावडरनंतरची. लोक ऐकून घेत. चहा देत. एकदा एक म्हातारा म्हणाला, "बाई, बाटली ठेवा पिशवीत आन शेताकडं बगा." आम्ही पाहिलं. भात कमरेएवढं होतं आणि लोंब्या जड होऊन वाकल्या होत्या. हे खोटं नव्हतं. त्या साली पीक चांगलं आलं, त्याच्या पुढच्या सालीही. धर्माभाऊंच्या शेजाऱ्यांनी पावडर दुप्पट मारली. पुढे धर्माभाऊंनीही मारली.

"आजवर साठवलेलं खातंय भात," बाई मला म्हणाल्या. "वाढपी मेलेत, पण पातेल्यात अजून आहे. संपेल तेव्हा कळेल." मग थोड्या वेळाने, "तेव्हाही नाही कळणार. तेव्हा दुसरी पावडर येईल."

धर्माभाऊ त्यानंतर सबनीसांकडे दूध घालायला आले नाहीत. भांडण झालं नव्हतं. ते दुसऱ्या आळीला घालू लागले. शाळेतही बाईंचं बरं चाललं नव्हतं. आता त्या दार लोटून घेत नसत, उघड्या दारातच मराठीत बोलत, आणि धडा कुठलाही असला तरी विषाशी येऊन थांबत. मुली घाबरत. एक दिवस मदरनी त्यांना बोलावलं आणि पुढच्या सत्रात त्या आल्या नाहीत. मी तोवर कॉलेजात गेले होते. रविवारचं जाणं आधी महिन्यावर गेलं आणि मग थांबलं. नरसाळं उतरवून ठेवलं होतं, चित्र काढायला काही नव्हतं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते कल्याणच्या बाजारात, पावसाळ्यात. आईसाठी काही आणायला गेले होते. भाजीवाल्यांच्या मागे, चिखलात, गावांतून आलेल्या बायका मुठे घेऊन बसतात. गवताच्या दोरीने बांधलेले मुठे टोपल्यांतून खरखरत होते. एक बाई दुसरीला सांगत होती, "सुटे नको इकू गं. थांब, सबनीस बाय येल. ती सगला घेते."

तेवढ्यात त्या आल्या. पातळ तेच, घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकण्याइतकं सैल. त्यांनी भाव केला नाही. एकेक टोपली बघितली आणि सगळ्या पोत्यांत ओतायला सांगितल्या. मी पुढे होऊन हाक मारली.

"प्रधान," त्या म्हणाल्या. "चित्रं काढतेस का अजून?"

"नाही, बाई."

"बरं." पोत्याचं तोंड बांधताना त्यांचे हात थांबले नाहीत. "मी घेतले नाहीत तर आज संध्याकाळी कुणाच्या तरी वाटीत जातील."

विकणारी बाई ऐकत होती. ती हसून मला म्हणाली, "बायच्या जिवावर आमचा पावसाला निगतो. म्हनून तर आमी पावडरीच्या शेतातच जातो. थितं धरावा लागत नाय, नुसता उचलायचा."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"माहीत आहे मला," त्या हळू म्हणाल्या. "मी घेते म्हणून ह्या जास्त आणतात. नाही घेतले तर आणलेले विकले जातात. तू सांग, काय करू?"

 मी विचारलं, "एवढ्यांचं करता काय?"

"पुरले तर विष मातीत जातं. खाडीत टाकले तर मासे आहेत. जाळून पाहिले, शेजारचे भांडायला आले." त्यांनी टांगेवाल्याला हात केला. "मागच्या अंगणात पिंपं आहेत. झाकणं लावून ठेवलीत."

मी एक पोतं उचलू लागले. "तू हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. टांगेवाल्याने दोन्ही पोती मागे ठेवली आणि बाई त्यांच्या शेजारी बसल्या. पोती हलत होती. एका पोत्याच्या उसवलेल्या शिवणीतून मुठ्याचा एक पाय बाहेर आला आणि हवेत चाचपू लागला. बाईंनी तो मोडणार नाही अशा बेताने बोटाने आत सारला, आणि टांगा वळेपर्यंत त्या जागेवर तळहात दाबून धरला.